मातीपासून मातीपर्यंत : एका गाजलेल्या अहवालाचे परीक्षण

२००६ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात काम करणाऱ्या सीएनडब्ल्यू मार्केटिंग रिसर्च या संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. 'डस्ट टु डस्ट' म्हणजे मातीपासून मातीपर्यंत, असे त्याचे नाव होते. मोटारीची कल्पना कागदावर उतरते तेव्हापासून ती भंगारात जाईपर्यंत तिच्यावर एकूण किती ऊर्जा खर्च होते, याचा हिशोब या अहवालात मांडला होता. निष्कर्ष धक्कादायक होता. टोयोटाची प्रिअस ही पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणारी हायब्रीड मोटार मैलामागे सव्वातीन डॉलरची ऊर्जा खाते, आणि हमर एच-३ ही दांडगी, पेट्रोलपिपासू गाडी मात्र मैलामागे एक डॉलर पंचाण्णव सेंटमध्येच भागवते, असे त्यात म्हटले होते.

हा निष्कर्ष वणव्यासारखा पसरला. जॉर्ज विल यांच्यासारख्या नामवंत स्तंभलेखकाने २००७ साली तो आपल्या लेखात वापरला. कनेक्टिकट राज्यातील एका विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रात त्यावर लेख आला आणि तो लेख मूळ अहवालापेक्षाही अधिक वाचला गेला. पुढे या विधानाचा उगम विसरला गेला आणि विधान तेवढे उरले. 'हायब्रीड गाडी बनवायलाच इतकी ऊर्जा लागते की सगळा फायदा वाया जातो' हे वाक्य आजही सुशिक्षित माणसे सहज बोलून जातात.

इतक्या जुन्या अहवालाचे परीक्षण आज करण्याचे कारण असे, की आकडेवारी कशी वाचावी आणि कशी वाचू नये याचा इतका चांगला नमुना शिक्षकांना दुसरीकडे सहसा मिळणार नाही. शिवाय या अहवालात जी गोष्ट केवळ गृहीत धरली होती, तिचे उत्तर पुढील वीस वर्षांत रस्त्यानेच दिले आहे.

अहवालाचे श्रेय

प्रथम जे चांगले आहे ते सांगितले पाहिजे. वस्तूचे मूल्यमापन तिच्या संपूर्ण आयुष्यावरून करावे, हा अहवालाचा आग्रह अगदी योग्य आहे. मोटार वापरताना जळणारे पेट्रोल आपल्याला दिसते, कारण त्याचे पैसे आपण पंपावर मोजतो. पण पोलाद वितळवताना जळालेला कोळसा, ॲल्युमिनियम तयार करताना लागलेली वीज, बॅटरीसाठी खणलेले निकेल आणि शेवटी गाडी मोडताना लागणारे श्रम आपल्याला दिसत नाहीत. विज्ञानात याला जीवनचक्र विश्लेषण म्हणतात. हायब्रीड गाडीत इंजिन आहेच, शिवाय विद्युत मोटर, जनित्र आणि मोठी बॅटरी आहे. म्हणजे ती बनवायला साध्या गाडीपेक्षा जास्त ऊर्जा लागणार, हे उघड आहे. याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो 'किती जास्त' याबद्दल, आणि ही जास्तीची ऊर्जा किती मैलांवर वाटून टाकायची याबद्दल.

भागाकारातला छेद

मैलामागे खर्च काढायचा म्हणजे एकूण खर्चाला एकूण मैलांनी भागायचे. प्रिअसचे आयुष्य अहवालाने १ लाख ९ हजार मैल, म्हणजे सुमारे पावणेदोन लाख किलोमीटर धरले. हमर एच-३ चे धरले २ लाख ७ हजार मैल, जवळजवळ दुप्पट. तिचा थोरला भाऊ हमर एच-१ याला तर ३ लाख ७९ हजार मैल आणि सुमारे ३५ वर्षे बहाल केली.

हे आकडे आले कोठून? दुसऱ्या पिढीची प्रिअस अमेरिकेत २००३ च्या अखेरीस विक्रीला आली. हमर एच-३ तर २००५ साली आली. सामान्य ग्राहकांना एच-१ मिळू लागली ती १९९२ पासून. अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा एकाही सामान्य ग्राहकाची हमर पस्तीस वर्षांची झालेली नव्हती, होणे शक्यही नव्हते. तेव्हा ही आयुष्ये मोजलेली नव्हती, मानलेली होती. मानण्यात गैर काही नाही, विज्ञानाला गृहीतके लागतातच. पण गृहीतक सांगावे लागते, त्याचे कारण द्यावे लागते आणि ते बदलले तर उत्तर किती बदलते हेही दाखवावे लागते. अहवालाने यातले शेवटचे काम केले नाही. ते आपण करून पाहू. हा हिशोब आठवीच्या वर्गातही करता येईल.

प्रिअसचा एकूण खर्च काढा : ३.२५ डॉलर गुणिले १,०९,००० मैल. उत्तर येते सुमारे ३ लाख ५४ हजार डॉलर. आता हमर एच-३ : १.९५ गुणिले २,०७,०००. उत्तर सुमारे ४ लाख ४ हजार डॉलर. म्हणजे अहवालाचेच आकडे खरे धरले तरी आयुष्यभरात हमरच अधिक ऊर्जा खाते! प्रिअस हरते ती केवळ भागाकारातल्या छेदामुळे.

आता दोन्ही गाड्यांना सारखेच, २ लाख ७ हजार मैलांचे आयुष्य द्या. बनवण्याचा आणि मोडण्याचा खर्च गाडी किती चालली यावर अवलंबून नसतो, तो तसाच राहील. जास्तीच्या ९८ हजार मैलांचे पेट्रोल आणि देखभाल यांसाठी आणखी दहा हजार डॉलर सढळ हाताने धरू. एकूण ३ लाख ६४ हजार भागिले २,०७,०००. मैलामागे खर्च आला सुमारे पावणेदोन डॉलर. एक गृहीतक बदलताच निकाल उलटला.

साडेतीन लाख डॉलर कोणी भरले?

या हिशोबात दुसरी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटू देऊ नये. त्या काळी प्रिअसची किंमत वीस-बावीस हजार डॉलर होती. साधारण ४५ मैलांना एक गॅलन आणि गॅलनला तीन डॉलर असे धरले, तर १ लाख ९ हजार मैलांचे पेट्रोल होते सुमारे सव्वासात हजार डॉलरचे. म्हणजे अहवालाच्या साडेतीन लाखांपैकी पेट्रोलचा वाटा जेमतेम दोन टक्के. उरलेली तीन लाख सेहेचाळीस हजार डॉलरची ऊर्जा गाडी बनवण्यात, तिच्या संशोधनात आणि मोडण्यात गेली, असे मानावे लागते. ऊर्जा फुकट मिळत नाही. बावीस हजारांची वस्तू बनवायला त्याच्या पंधरापटीहून अधिक किमतीचे इंधन कोणता कारखानदार जाळील, आणि तो किती दिवस तगेल?

याउलट आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा, मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्था (एम.आय.टी.) यांसारख्या ठिकाणी झालेल्या अभ्यासांत पेट्रोलवरील मोटारीच्या आयुष्यातील तीन-चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा ती चालवण्यातच खर्च होते, असे आढळले आहे. २००७ च्या मे महिन्यात पॅसिफिक इन्स्टिट्यूटचे पीटर ग्लाइक यांनी या अहवालावर टीकालेख प्रसिद्ध केला. अहवालाची पद्धत उघड केलेली नाही, त्याची तज्ज्ञांकडून तपासणी झालेली नाही आणि त्याचे निष्कर्ष इतर सर्व अभ्यासांच्या विरुद्ध दिशेला जातात, हे त्यांनी दाखवले. पण खंडनाचे नशीब नेहमीच मूळ बातमीपेक्षा उणे असते.

संशोधनाच्या खर्चाबद्दलही एक शब्द. नव्या तंत्राच्या शोधावर खर्च झालेली ऊर्जा पहिल्या काही गाड्यांच्या माथी मारली, तर त्या गाड्या महाग दिसणारच. पण ते तंत्र पुढच्या सर्व गाड्यांच्या उपयोगी पडते. टोयोटाने २०१७ च्या आरंभापर्यंत एक कोटी हायब्रीड गाड्या विकल्या होत्या. संशोधनाचा खर्च वाटायचा तर या सगळ्यांवर वाटला पाहिजे.

सडबरीची काळी जमीन

अहवालाच्या जोडीने आणखी एक कथा फिरत होती. प्रिअसच्या बॅटरीतील निकेल कॅनडातील सडबरी येथून येते, तेथील परिसर इतका उजाड झाला आहे की नासाने चांद्रमोहिमेच्या सरावासाठी तो निवडला, अशी ती कथा. एका ब्रिटिश वृत्तपत्राने २००६ साली ती छापली आणि नंतर मागे घेतली.

यात अर्धसत्याचे मिश्रण कसे असते ते पाहण्यासारखे आहे. सडबरीची जमीन खरोखरच काळी पडली होती. निकेल-तांब्याच्या खनिजात गंधक असते, ते भाजताना सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो आणि आम्लवर्षा होते. पण हे नुकसान विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांतले. १९७० च्या दशकापासून तेथे जमिनीला चुना देऊन झाडे लावण्याचे मोठे काम झाले आणि परिसर पुष्कळसा हिरवा झाला. पहिली प्रिअस जपानमध्ये विक्रीला आली डिसेंबर १९९७ मध्ये. कारण हे परिणामाच्या आधी घडावे लागते, एवढे तर्कशास्त्र या ठिकाणी पुरेसे आहे. अपोलो मोहिमांचे अंतराळवीर १९७१ आणि १९७२ साली सडबरीला गेले होते हेही खरे, पण ते उजाड जमीन पाहण्यासाठी नव्हे. सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी तेथे एक प्रचंड अशनी आदळली. अशा आघाताने खडकांवर ज्या शंकूसारख्या खुणा उमटतात, त्या ओळखायला शिकण्यासाठी ते गेले होते. निकेलचा सर्वांत मोठा ग्राहकही मोटारीची बॅटरी नव्हे, तर आपल्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांपर्यंत पोचलेले स्टेनलेस पोलाद आहे.

बॅटरी इतकी टिकते कशी?

प्रिअसला लहान आयुष्य देणे लोकांना पटले, कारण बॅटरीबद्दलची भीती सार्वत्रिक होती. आपल्याकडे भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यांची बॅटरी तीन-चार वर्षांत मान टाकते, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. मग गाडीची बॅटरी दहा-पंधरा वर्षे कशी चालेल, ही शंका रास्तच आहे.

उत्तर वापरण्याच्या पद्धतीत आहे. इन्व्हर्टरची बॅटरी दिवे गेले की खोलवर रिकामी होते आणि मग पुन्हा काठोकाठ भरली जाते. हायब्रीड गाडीतला संगणक आपल्या बॅटरीला असे कधीच करू देत नाही. तिच्यातील साठा साधारणपणे चाळीस ते ऐंशी टक्के या पट्ट्यातच ठेवला जातो. दुसऱ्या पिढीच्या प्रिअसमध्ये प्रत्येकी १.२ व्होल्टचे १६८ निकेल-धातू हायड्राइड घट एकसरीत जोडून सुमारे २०२ व्होल्ट मिळवले होते. पण एकूण साठा फक्त १.३ युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, आणि त्याचाही थोडाच भाग प्रत्यक्ष वापरात. मोठ्या प्रवासाची शिदोरी म्हणून ही बॅटरी नसते. थांबताना वाचवलेली ऊर्जा निघेपर्यंत सांभाळायची, एवढेच तिचे काम.

ही ऊर्जा किती असते? १३०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १२५ किलोज्यूल असते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३३ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि इंजिन तिचा पाव भागच चाकांपर्यंत पोचवते, असे धरू. म्हणजे सिग्नलला एकदा ब्रेक दाबला की सुमारे १५ मिलिलिटर पेट्रोलची उष्णता होऊन ती हवेत जाते. हायब्रीड गाडीत ब्रेक दाबला की विद्युत मोटर जनित्र बनते आणि या ऊर्जेचा बराच भाग बॅटरीत परततो. शहरातील एका प्रवासात आपण किती वेळा थांबतो याचा विचार केला, की ही गाडी गर्दीत अधिक काटकसरी का वाटते ते कळते.

रस्त्याने दिलेले उत्तर

अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक-नियतकालिकाने २००१ साली जवळजवळ कोरी प्रिअस तपासली होती. २०११ साली त्यांनी २००२ सालचे मॉडेल असलेली, २ लाख ६ हजार मैल म्हणजे सुमारे ३ लाख ३० हजार किलोमीटर चाललेली प्रिअस मिळवून तीच चाचणी पुन्हा घेतली. नव्या गाडीने गॅलनला ४०.६ मैल दिले होते, जुनीने दिले ४०.४. बॅटरी मूळचीच होती. अहवालाने धरलेल्या आयुष्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर गाडी चालून गेली होती.

एका गाडीवरून सिद्धान्त मांडू नये, हे खरे. पण टॅक्सीवाल्यांचा अनुभवही याच बाजूचा आहे. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून हायब्रीड टॅक्सी धावू लागल्या. दिवसरात्र चालणाऱ्या, सतत थांबणाऱ्या आणि निघणाऱ्या टॅक्सीपेक्षा कठीण परीक्षा बॅटरीला दुसरी नाही. धंदा करणारा माणूस प्रचाराला भुलत नाही, तो महिन्याअखेरचा हिशोब पाहतो. जगातील अनेक शहरांत टॅक्सीवाल्यांनी हायब्रीड गाड्या घेतल्या आणि पुन्हा घेतल्या. बॅटऱ्या बिघडतच नाहीत असे मात्र नाही. उष्ण हवेत, किंवा बॅटरीला थंड ठेवणाऱ्या पंख्याचा मार्ग धुळीने तुंबला तर त्या लवकर थकतात आणि बदलण्याचा खर्च मोठा असतो. उत्पादकाने आठ वर्षांची हमी दिली म्हणजे गाडीचे आयुष्य आठ वर्षे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. हमी हा उत्पादकाने पत्करलेला धोका असतो, मृत्युलेख नसतो.

दुसऱ्या बाजूचीही तपासणी

हायब्रीडच्या पुरस्कर्त्यांनाही कठोर प्रश्न विचारले पाहिजेत. २००४ च्या प्रिअसवर सरकारी चाचणीचा आकडा गॅलनला ५५ मैल असा होता. रस्त्यावर तो कोणालाच मिळेना. २००८ मध्ये अमेरिकेने चाचणीची रीत सुधारली, तेव्हा त्याच गाडीचा आकडा ४६ वर आला. आरंभीच्या ग्राहकांना फसवल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही, आणि अफवांना त्यातून बळ मिळाले.

दुसरी गोष्ट गणिताची. 'लिटरला किती किलोमीटर' हे माप आपली दिशाभूल करते. लॅरिक आणि सोल या संशोधकांनी २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात हे दाखवून दिले. लिटरला ८ किलोमीटर देणारी गाडी बदलून १२ देणारी घेतली, तर शंभर किलोमीटरमागे चार लिटरहून अधिक वाचतात. २० ची ३० केली तर १.७ लिटरच वाचतात, जरी वाढ दिसायला दहाची असली तरी. म्हणून आधीच काटकसरी असलेल्या लहान गाडीला हायब्रीड यंत्रणा जोडून मालकाच्या खिशात फारसे पडत नाही.

समजा, साधी गाडी लिटरला १६ आणि तीच हायब्रीड २४ किलोमीटर देते. शंभर किलोमीटरमागे दोन लिटर वाचले. पेट्रोल शंभर रुपये लिटर आणि हायब्रीडची जास्तीची किंमत अडीच लाख रुपये धरली, तर पैसे वसूल व्हायला सुमारे सव्वा लाख किलोमीटर लागतील. वर्षाला दहा हजार किलोमीटर जाणाऱ्या मास्तरांना बारा वर्षे, चाळीस हजार जाणाऱ्या टॅक्सीवाल्याला तीन वर्षे. हायब्रीडचा लाभ दीर्घकाळ बाळगणाऱ्यालाच मिळतो. चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने तो पदरात पडेल अशी आशा धरू नये.

लोकांनी या गाड्या इतक्या सावकाश का स्वीकारल्या, याचे एक कारण येथेच सापडते. खर्च पहिल्या दिवशी होतो, लाभ दहा वर्षांत मिळतो, आणि गाडी दहा वर्षे टिकते याचा पुरावा दहा वर्षे गेल्याशिवाय मिळत नाही. त्या मधल्या पोकळीत अशा अहवालांना जागा मिळते. अमेरिकेत २०१३ साली नव्या गाड्यांत हायब्रीडचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता, पुढे तो घसरला, आणि २०२४ पर्यंत सुमारे दहात एक इतका झाला. आपल्याकडे होंडाने २००८ साली सिव्हिक हायब्रीड आणि टोयोटाने २०१० साली प्रिअस आणली. आयातकरामुळे दोन्ही सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर राहिल्या. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हायब्रीड मोटारींवर अधिभारासह ४३ टक्के कर बसला. बऱ्यापैकी संख्येने त्या दिसू लागल्या २०२२ नंतर.

वर्गात काय करता येईल

आज असाच वाद विजेवर चालणाऱ्या मोटारींबद्दल ऐकू येतो. त्यांची बॅटरी बनवताना जास्त कर्बवायू बाहेर पडतो, हे खरे आहे. पण तो किती किलोमीटरवर वाटायचा आणि वीज कोळशाची की पाण्याची, हे विचारल्याशिवाय होकार किंवा नकार देऊ नये.

आमची शिक्षकांना सूचना अशी : वर दिलेले अहवालाचे चार आकडे, म्हणजे दोन गाड्यांचे मैलामागील खर्च आणि दोन आयुष्ये, फळ्यावर लिहा. निष्कर्ष लिहू नका. मुलांना एकूण खर्च काढू द्या, मग दोन्ही आयुष्ये सारखी करून पुन्हा भागाकार करू द्या. 'हा आकडा कोणी मोजला की मानला?' हा प्रश्न त्यांच्याकडून यावा. तो आला, की सव्वातीन डॉलरचा हा अहवाल निदान एका वर्गापुरता तरी उपयोगी ठरला असे समजावे.